सोमाची परतीची सोय

आमच्या सोमाला लग्नाचं आमंत्रण द्यायला गेलं की तो मुहूर्त विचारत नाही. नवरी कुठली, जेवायला काय, हेही नाही. पत्रिका उलटी करून मागची कोरी बाजू बघतो आणि म्हणतो, "बरं, परत यायला गाडी काय हाय?"

माझ्या थोरलीच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी हा मांडवामागं जाऊन वऱ्हाडाच्या टेंपोत रुमाल टाकून जागा धरून आला होता. एकदा माझ्या पोटात मुरडा उठला. कर्जतच्या दवाखान्यात नेलं. मी विव्हळतोय, आमची कारभारीण इंदूबाई डोळ्याला पदर लावून बसलीय, आणि सोमा नर्सबाईला विचारतोय, "ह्यांना सोडनार कधी?"

ती म्हणाली, "आजोबा, आधी भरती तर करू द्या."

"भरती तुमी करालच हो. मला रिक्षा सांगून ठेवायची हाय."

सोमा असा का झाला, हे सांगायला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. दोन्ही सांगतो, कारण पुढची गंमत त्यांच्यावरच उभी आहे.

पहिली त्याची नोकरी. आम्ही दोघं पळसदरीचे, एकाच शाळेत सातवीपर्यंत शिकलो. मी भातशेतीत गेलो, सोमा रेल्वेत लागला. कर्जतला घाट चढणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात. आमच्याकडं त्यांना बँकर म्हणतात. ही इंजिनं पुण्याकडं जाणाऱ्या गाडीला घाटमाथ्यापर्यंत ढकलत नेतात. सोमाचं काम ते बँकर जोडायचं. अख्खी नोकरी त्यानं गाडीच्या शेपटाशी काढली. पुढचा ड्रायव्हर गोरा का काळा, त्याला माहीत नाही; मागचा गार्ड मात्र डब्यात कुठली भाजी आणतो तेही ठाऊक. सवय अशी जडली की पेपरसुद्धा तो शेवटच्या पानापासून वाचायचा. पहिल्या पानापर्यंत यायचा तोवर त्याला झोप लागायची. देशात काय चाललंय ते त्याला मी सांगायचो.

दुसरी गोष्ट मालनबाईची, म्हणजे त्याच्या बायकोची. लग्न नवीन होतं तेव्हा सोमानं तिला हौसेनं घारापुरीला नेलं होतं. लाँच किती वाजता सुटते ते दहा जणांना विचारलं, परतीची शेवटची लाँच कधी हे एकालाही नाही. लेणी बघून दोघं रमतगमत धक्क्यावर आले, तर लाँच पाण्यात लांब गेलेली. सोमानं काठावरून शिट्टी मारली, धोतराचा सोगा हलवून दाखवला. लाँचवरच्या लोकांना वाटलं, निरोप देतोय. त्यांनीही हात हलवले. एका कोळणीनं दोघांना पडवीत जागा दिली. तिच्या शेळीनं मालनबाईच्या अंबाड्यातला अख्खा गजरा चावून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी गावात आल्या आल्या मालनबाईनं ही हकिगत विहिरीवर सांगितली, आणि शेवटी जाहीर केलं, "ह्यांच्यासंगं आता मी गावाच्या येशीबाहेर फिरायला जायची नाय."

बोलली तशी वागली. लग्नाकार्याला, दवाखान्याला नाइलाजानं जायची. दीक्षाभूमीला बायकांच्या मंडळाबरोबर दोनदा जाऊन आली. पण सोमाबरोबर फिरायला म्हणून नाही ती नाहीच. पोरं मोठी झाली, सोमा निवृत्त झाला, त्यानं महाबळेश्वर म्हणून पाहिलं, गोवा म्हणून पाहिलं. मालनबाई भाकरी थापता थापता एवढंच म्हणायची, "शेळीला इचारा."

आता हे असं चालू असताना गेल्या थंडीत एक चमत्कार झाला.

आम्ही सात-आठ म्हातारे-म्हाताऱ्या रोज सकाळी पळसदरीच्या धरणाकडं चालायला जातो. चालणं कमी आणि दुसऱ्यांच्या सुनांची चौकशी जास्त, पण जातो. आवडीबाईच्या मनात आलं की एकदा लांबचं चालायला जाऊ. आवडीबाई आमच्या आळीतली. तिच्या तोंडापुढं बँकरसुद्धा कमी पडेल. कुणी म्हणालं माथेरान, कुणी म्हणालं ढाक. मालनबाई तेव्हा मागून शांतपणे म्हणाली, "मला बेट चालायचं हाय."

सगळे थांबलो.

"डोंगरावर किती बी चाला, परत त्याच वाटंनं उतरावं लागतं," ती म्हणाली. "बेटाला गोल चाललं की मागं न वळता हाय तिथं परत. मी एका बेटाच्या एका कोपऱ्यात रातभर बसलेली हाय. बाकीचं बेट कसं असतंय ते बघायचं हाय मला."

सोमाचा चेहरा शेताच्या बांधावर पकडलेल्या पोरासारखा झाला. पण मालनबाईनं पुढं जे म्हटलं त्यानं तो कान टवकारून उभा राहिला. "ह्यांनी नीट नेऊन नीट आनलं, तर येते. एक डाव. चुकलं तर पुन्ना इचारू नका."

सोमानं दीव बेट निवडलं. त्याच्याबरोबर नोकरीला असलेला एक गुजराती त्याचं फार वर्णन करायचा. तीन दिवसांत आमच्यासारख्यांना रमतगमत गोल चालता येतं, उतरायला धर्मशाळा आहेत, एवढी माहिती पुरे झाली. आवडीबाईनं मात्र बापयांना बजावलं, "दीवला काय मिळतं ते मला ठाऊक हाय. तिथं ज्याची चाल वाकडी झाली त्याला समिंदरात ढकलीन." आमचे दोन गडी यायला एकदम उत्सुक होते, ते लगेच थोडे कमी उत्सुक झाले.

मग सोमा तयारीला लागला. काय सांगू तुम्हाला! रोज संध्याकाळी माझ्या ओटीवर बसून तो बेत ऐकवायचा.

"हे बघ आबा. किल्ल्यापाशी आपलं चालनं संपलं. तिथं रिक्षा उभी. रिक्षावाला जयंतीभाई, मानूस भला. तो आजारी पडला तर त्याचा भाऊ. भावाचं लगीन निघालं तर त्याचा मेव्हना. तिघांना बी सांगून ठेवलंय. रिक्षानं वेरावळच्या बशीला. बस बंद पडली तर मासळीचा टेंपो. त्याला बी फोन केलाय, वास मारंल म्हनाला, म्हनलं मारू दे. वेरावळहून रेल्वे. सुमितनं तिकिटं काढली, शेवटच्या डब्याची. बोरिवलीला आपला भाड्याच्या गाडीवाला सुनील गाडी घिऊन हजर. घर."

'घर' म्हणताना तो हात असा खाली टेकवायचा, जणू मालनबाईला उचलून चुलीपाशी ठेवली.

सुमित त्याचा मुलगा, पुण्याला असतो. त्यानं तिकिटं काढताना फोनवर विचारलं होतं, "बाबा, जातानाची?"

सोमा म्हणाला, "तू येतानाची काढ रं. जायचं मी बघतो."

जयंतीभाईला तर सोमा दिवसाआड फोन लावायचा. त्याचं हिंदी रेल्वेतलं, रुळावरून घसरलेलं. "जयंतीभाय, जयभीम. मै सोमा, कर्जतवाला. तुम उधरच रैना, किल्ले के पास."

पलीकडून आवाज यायचा, "हां काका, रहूँगा. पर आप आओगे कब?"

"वो छोडो. हम जायेगा कब, वो पूछो."

मी समोर बसून हे ऐकत होतो. इतक्या वेळा ऐकलं, आणि माझ्याही डोक्यात काही शिरलं नाही. सोय एवढी चोख, की ऐकणारा दिपून जायचा.

एकदा फक्त, आमच्याकडं बसायला आलेली मालनबाई चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आन जायचं कसं?"

सोमा हसला. नोकरीतलं ज्ञान सांगताना तो हसतो तसं. "अगं, घाट चढनाऱ्या गाडीला बँकर लागतो. उतरनाऱ्या गाडीला कोन ढकलतो का? जानं म्हंजे उतार. ते आपोआप होतंय. येनं चढ हाय, त्याची तयारी लागती."

मालनबाईनं त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग कपबशा उचलल्या आणि आत गेली. आत आमची इंदूबाई बसलेली होती. दोघींची काहीतरी कुजबुज झाली आणि इंदूबाई पदर तोंडाला लावून एवढी हसली की तिला ठसका लागला. मी विचारलं, काय गं? म्हणाली, "काय नाय, सुपारी लागली." इंदूबाई सुपारी खात नाही. पण नवऱ्यानं अशा वेळी गप्प बसावं हे मी फार आधी शिकलोय.

संक्रांत झाली. निघायचा दिवस उजाडला. आम्ही सगळे समाजमंदिराच्या पायरीपाशी जमलो. बायांनी दशम्या, चटण्या, तिळाचे लाडू बांधून घेतलेले. जणू दीवला चूल पेटतच नाही. आवडीबाईनं नवे कॅनव्हासचे बूट घातले होते आणि ते सगळ्यांना दिसावेत म्हणून नऊवारी जरा वर खोचली होती. सोमा इस्त्रीचा सदरा घालून, काखेत जुना हिरवा बावटा घेऊन आला. बावटा कशाला, विचारलं, तर म्हणाला, "किल्ल्यापासून निघताना दाखवीन."

मालनबाई आपल्या पिशवीवर बसली होती. नवी हिरवी साडी, अंबाड्यात गजरा. घारापुरीनंतर तिला मी गजरा घातलेली पाहिली नव्हती.

बसलो. थांबलो. पलीकडच्या घरातल्या कोंबड्या आमच्यात फिरून गेल्या.

आवडीबाई म्हणाली, "सोमादादा, सुनीलची गाडी कुठं ऱ्हायली?"

सोमानं सुनीलला फोन लावला. फोनचा आवाज मोठा, सगळ्यांना ऐकू येत होतं. सुनील झोपेतून उठला होता. "काका? काय झालं? तुमी अजून घरीच?"

"मग कुठं असनार? तू ये की."

"कुठं ये? मला तर पाच दिसांनी बोरिवलीला बोलावलंय तुमी. पन्नास वेळा सांगितलंय, ध्येनात हाय माझ्या. आज मी पोयनाडला भाडं घिऊन आलोय."

सोमानं फोन खाली केला. "हरकत नाय," तो म्हणाला, "ठेसनापर्यंत रिक्षानं जाऊ, फुडं गाडी हायच." आणि त्यानं काखोटीच्या पिशवीतून तिकिटं काढली. एकेक करून बघितली. उलटी करून बघितली. मग त्याचा हात जागच्या जागी थांबला.

"सोमा?" मी म्हणालो.

"आबा," तो बारीक आवाजात म्हणाला, "ही सगळी वेरावळवरनं हायत."

"मग इथनं तिथवर?"

सोमानं पिशवी पायरीवर उलटी करून झटकली.

बाजूची एक कोंबडी तेवढी पुढं येऊन तिकिटांकडं बघून गेली. मग आवडीबाईच्या डोक्यात उजेड पडला. "अगं बाई! म्हंजे ह्यानं आपल्याला परत आनायची सगळी तयारी केलीय, आन आपन गेलोच नाय!"

जी हसायला सुरुवात झाली! मी स्वतः पायरीवर आडवा झालो. हसला नाही तो एकटा सोमा. तो मालनबाईसमोर जाऊन उभा राहिला. एवढा उंच गडी, बावट्याच्या काठीएवढा दिसायला लागला.

"मालन..."

मालनबाई जमिनीकडं बघत म्हणाली, "घारापुरीला जायचं होतं, यायचं नव्हतं. आज यायचं हाय, जायचं नाय. माझ्या वाट्याला अर्धाच परवास लिवलाय तुमी."

सोमाच्या डोळ्यात पाणी आलं, खरंच आलं. माझं हसू तिथंच अडकलं. एवढ्या वर्षांनी तिनं एक डाव दिला होता आणि तो गावच्या पायरीवरच संपला होता. सोमा म्हणाला, "मी आत्ता ठेसनावर जातो. उभ्यानं जाऊ, मालडब्यातनं जाऊ, मी तुला पाठीवर..."

"पाठीवर नको," मालनबाई म्हणाली. "गजरा चुरगळंल."

आणि तेव्हाच खोपोली रस्त्याकडून हॉर्न वाजला. पों-पों-पपों. झेंडूच्या माळा लावलेली एक लांबलचक बस वळणावरून आली, आमच्यासमोर थांबली. आतून ढोलकी, टाळ्या आणि एकदम पंधरा गुजराती बायांचा आवाज. दारात मालनबाईची भाची स्नेहल उभी. मोहोपाड्याच्या एका कारखान्याच्या हापिसात ती कामाला आहे.

"मावशी, चला चला! नवरदेव खोळंबलाय!"

सोमा बसकडं बघतो, मालनबाईकडं बघतो. मालनबाई उठली, साडी झटकली. आता मात्र ओठाच्या कडेला जे दाबून धरलेलं होतं ते सुटलं.

प्रकार असा होता. स्नेहलच्या हापिसातल्या एका पोराचं लग्न ठरलं होतं. माणसं मूळची दीवकडचीच, दोन पिढ्या मोहोपाड्याच्या कॉलनीत राहिलेली. नवरीचं गाव दीवच्या पुलाच्या अलीकडंच. वऱ्हाड बसनं जाणार. नवरदेवाची मावशी कर्जतला, म्हणून बस इकडं येणारच होती. जाताना मागच्या सीटा रिकाम्या. येताना मात्र नवरी, करवल्या, कपाट, गाद्या, सगळं भरून येणार. येताना शेंगदाण्यालाही जागा नाही. म्हणजे फक्त जायची सोय. मालनबाईला तरी कुठं परतीची हवी होती?

"तुला कवापासून ठाऊक होतं?" सोमानं विचारलं.

"तुमी उतार-चढ सांगितलंत त्या सांजंपासून."

"आन सांगितलं नाय मला?"

"घारापुरीला मी रातभर बसले," ती बसची पायरी चढता चढता म्हणाली, "तुमाला घटकाभर नको बसायला?"

इंदूबाईला पुन्हा सुपारी लागली.

बसमध्ये मालनबाईला नवरदेवाच्या आजीनं पुढं आपल्याजवळ बसवून घेतलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दोघी न थांबता बोलत होत्या. आम्ही मागं. सोमा शेवटच्या बाकावर, अगदी मधोमध, बावटा मांडीवर. आधी नुसता बावट्याची काठी गोल फिरवत होता. पण वाटेत ढाब्यावर बस मागं घ्यायची वेळ आली आणि ड्रायव्हरला क्लीनर सापडेना. सोमा खाली उतरला, मागं जाऊन उभा राहिला, बावटा उघडला आणि असा काही हलवला की अख्ख्या वऱ्हाडानं खिडक्यांतून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर ड्रायव्हर त्याला सोडेना. इंचभर मागं घ्यायचं असलं तरी "काकाने बोलावो!", म्हणजे काकाला बोलवा. सोमाची कळी खुलली. मला म्हणाला, "बघ आबा, बशीला बी शेपूट असतंय."

मग आम्ही बेट चाललो. किल्ल्यापाशी एका काळ्या दगडावर मालनबाईनं हळदीचं बोट टेकवलं, सोमानं हिरवा बावटा दाखवला आणि निघालो. समुद्र डाव्या हाताला ठेवायचा, एवढाच नियम. फुदमला महादेवाच्या पिंडी खडकात आहेत, लाटा आत शिरून त्यांना आंघोळ घालतात. आवडीबाईच्या नव्या बुटांनाही घातली. नागवाकडं ताडासारखं झाड आहे, पण त्याला फांद्या फुटलेल्या. इंदूबाई म्हणाली, हे आपल्याकडच्या ताडांना दाखवायला नेलं पाहिजे. वणाकबाऱ्याला कोळ्यांच्या होड्या होत्या. तिथं एक शेळी मालनबाईच्या मागं लागली, तर सोमा बावटा घेऊन मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "ह्या टायमाला नाय." शेळी त्याच्याकडं बघत राहिली. बावट्याचा एक कोपरा मात्र गेला.

मग बेटाची आतली बाजू, खाडीकाठची. पाय दुखले, गुडघे कुरकुरले, पण कुणी रिक्षात बसलं नाही. शेवटच्या दिवशी ऊन कलताना किल्ला दिसायला लागला, तेव्हा मालनबाई आमच्या पुढं गेली. सोमा मागं. तिनं तो काळा दगड शोधला. हळदीचा ठिपका पुसट होता, पण होता. तिनं त्यावर पाय ठेवला आणि वळून न बघता म्हणाली, "अहो, आलो बघा. एकदा बी मागं वळलो नाय."

"मी मागंच होतो की," सोमा म्हणाला.

आणि आता परतीची सोय! किल्ल्याच्या दारात रिक्षांची रांग लागली होती. जयंतीभाई आला होता. तो आजारी नव्हता, पण काकानं इतके फोन केलेत म्हणजे बाब मोठी असणार म्हणून भाऊही आला होता. भावाचं लग्न निघालं नव्हतं, तरी मेव्हणा आला होता. त्यांच्यामागं मासळीचा टेंपो उभा, त्याचा मालक माळ घेऊन. कर्जतहून कुणी मोठा पुढारी येतोय असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तीन रिक्षांत आम्ही पाय पसरून बसलो. टेंपोवाल्याला वाईट वाटू नये म्हणून आमच्या पिशव्या त्यात ठेवल्या. त्या पिशव्यांचा वास माझ्या घरातून अजून गेलेला नाही.

बस वेळेवर, रेल्वे वेळेवर, बोरिवलीला सुनील आदल्या रात्रीच येऊन झोपलेला. "चुकू नये म्हनून," म्हणाला. कुठंही काडीची अडचण आली नाही. आमच्या गल्लीत गाडी थांबली तेव्हा सोमानं दार उघडून हात असा खाली टेकवला आणि म्हणाला, "घर."

मालनबाई उतरली. म्हणाली, "बरं आनलंत." बस, एवढंच. सोमानं ते दोन शब्द दोन दिवस गावभर फिरून सांगितले.

विहीर आता बुजलीय, नळ आलेत. तरी मालनबाईनं बायका गोळा करून सगळी हकिगत सांगितलीच. हसून हसून सांगितली. कोंबड्या, पायरी, तिकिटं, काही सोडलं नाही. सोमा ओटीवर बसून ऐकत होता, मध्ये मध्ये चुकलेलं दुरुस्त करत होता. फरक एकच माझ्या ध्यानात आला. घारापुरीची गोष्ट ती 'ह्यांनी मला नेलं' अशी सांगायची. ही गोष्ट तिनं 'आमी गेलो' अशी सुरू केली.

परवा मी त्यांच्याकडं गेलो तर पेपर आलेला होता. दोघांनी मिळून धरलेला. मालनबाई पहिलं पान वाचत होती, सोमा पलीकडून शेवटचं.

"आबा, ये," सोमा पानामागून म्हणाला. "अंदमान कसं वाटतंय? बोट कवा सुटती ते काय मी इचारलं नाय. परत कवा येती, ते इचारून ठेवलंय."

"सुटायचं माझ्याकडं हाय," पहिल्या पानामागून आवाज आला. "आन आता पान उलटायचं हाय. सोडा जरा."